भुसावळचे गिलसाहेब

सेकंड इयरला माझी सबमिशनची फाईल हरवली तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं. म्हणूनच की काय, मेजर रॉबर्ट गिल मला जवळचे वाटतात.

निळीचे व्यापारी जेम्स फर्ग्युसन लेणी बघत देशभर हिंडले. अजिंठ्याची चित्रं नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करा, हा त्यांचाच आग्रह. ते काम १८४४ मध्ये मद्रास फौजेतल्या गिलसाहेबांकडे आलं. अंधाऱ्या लेण्यांत बसून त्यांनी वर्षानुवर्षं मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या न् लंडनला धाडल्या. पुढे फर्ग्युसन यांच्या लेण्यांवरच्या पुस्तकाला चित्रं हवी होती. गिलसाहेबांनी सरळ कॅमेरा उचलला... काचेच्या प्लेटा, रसायनं, आणि इकडचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे! १८६४ च्या त्या पुस्तकात त्यांचे ७४ फोटो आहेत. वय तेव्हा साठ!

दोनच वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. तिथे टांगलेल्या नकला जळाल्या, मोजक्याच उरल्या. फोटो पुस्तकात होते, ते वाचले.

१८७९ मध्ये साहेब वारले. कबर भुसावळला आहे. मलकापूरला घरी जाताना मी तिथे फक्त वडापाव खायचो. मागच्या शनिवारी मात्र स्टेशनबाहेर पडलो. गिलसाहेब कोण हे रिक्षावाल्या काकांना सांगता सांगताच दफनभूमी आली.