योबेलाची गायिका : एला शेपर्ड

मंडळीत जे गीत आपण गातो त्याचा कवी कोण हे बहुधा पुस्तकात छापलेले असते. परंतु कित्येक भक्तिगीते अशी आहेत की त्यांचा कर्ता कोण हे कोणासही सांगता येत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णी गुलामांची गीते ह्याच प्रकारची होत. त्यांतील बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. ती होऊ देण्यास पुष्कळ ठिकाणी कायद्याची बंदी होती. म्हणून ही गीते कागदावर न उतरता मुखोमुखी चालत आली. ज्या गायकवर्गाने ती प्रथम जगापुढे ठेविली त्यांत एला शेपर्ड ह्या बाई प्रमुख होत्या. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

एला हिचा जन्म टेनेसी संस्थानातील नॅशव्हिल येथे सन १८५१ मध्ये झाला. तिची आई सारा ही गुलाम होती. बापाने मजुरी करून पैसा साठविला व स्वतःची सुटका विकत घेतली होती. पण आई गुलाम, म्हणून मूलही धनिणीच्या मालकीचे. धनीण ह्या लहानग्या पोरीस तिच्या आईवरच पाळत ठेवून चहाडी करावयास शिकवीत आहे, असे एके दिवशी साराच्या ध्यानात आले. त्या दुःखाने वेडीपिशी होऊन ती मुलीस कडेवर घेऊन नदीत जीव द्यावयास निघाली. वाटेत एका वृद्ध दासीने तिला अडविले आणि ह्या लेकरापासून देवास काही काम करून घ्यावयाचे आहे, असे सांगून परत फिरविले. पुढे बापाने ३५० डॉलर भरून एलेस सोडविले. त्याच्या पत्नीसही विकत देण्याचे वचन धनिणीने दिले होते, ते तिने मोडले. आणि सारेस दूर मिसिसिपी संस्थानात नेण्यात आले. मायलेकींची अशी ताटातूट झाली.

बापाने दुसरे लग्न केले व त्या पत्नीसही पैसे देऊन सोडविले. पुढे त्यास कर्ज झाले. त्या काळच्या कायद्याप्रमाणे विकत घेतलेली पत्नी ही नवऱ्याची मालमत्ता गणली जाई, आणि सावकारास ती जप्त करिता येई! ह्या भयाने ते कुटुंब ओहायो संस्थानातील सिनसिनाटी नगरास पळून गेले. तेथे एलेस पियानो शिकण्याची गोडी लागली. एका गोऱ्या शिक्षिकेने तिला बारा धडे देण्याचे कबूल केले, परंतु ही गोष्ट कोणास कळू द्यावयाची नाही आणि रात्री मागच्या जिन्याने यावयाचे, अशी अट घातली. एलेने अट पाळली व विद्या घेतली. सन १८६६ मध्ये बाप पटकीने वारला. शिवणटिपण, धुणे व वादन करून ती पोट भरू लागली. नंतर एका गावी तिने पाच महिने शाळा चालविली; त्यातून शिल्लक राहिले सहा डॉलर. तेवढे घेऊन सन १८६८ मध्ये ती नॅशव्हिल येथील फिस्क शाळेत दाखल झाली.

ही शाळा अमेरिकन मिशनरी असोसिएशनने १८६६ च्या जानेवारीत, यादवी युद्ध संपल्यावर थोड्याच महिन्यांत, लष्करी इस्पितळाच्या जुन्या लाकडी बराकीत उघडली होती. गुलामांच्या ओस पडलेल्या कोंडवाड्यातील गंजलेल्या बेड्या मोडीत विकून तेथे नवे करार व बाराखडीची पुस्तके घेतली गेली. शाळेचे खजीनदार जॉर्ज व्हाइट हेच गायनही शिकवीत. शेपर्डबाईंचे कौशल्य पाहून त्यांनी त्यांस मदतनीस नेमिले. शाळेच्या कृष्णवर्णी शिक्षकांत त्या पहिल्या होत.

व्हाइट साहेबांस आपल्या विद्यार्थ्यांकडून त्यांच्या वाडवडिलांची गीते ऐकावयाची होती. ती गावयास तरुण मंडळी राजी नव्हती. ती गीते म्हणजे दास्याची आठवण, आणि शिवाय आईबापांच्या प्रार्थनेतील पवित्र ठेव. परक्याच्या कानी ती का घालावी? पुढे एका खोलीत दारेखिडक्या लावून, जमिनीवर बसून, हलक्या आवाजात ती एकमेकांस शिकवू लागली. चारचौघांत ती कधी गावी लागतील हे त्यांच्या स्वप्नीही नव्हते.

इकडे शाळा कर्जात बुडाली व बराकी कुजू लागल्या. तेव्हा गायन करून पैसा जमवावा, असा व्हाइट साहेबांनी निश्चय केला. ता. ६ आक्टोबर १८७१ रोजी नऊ गायक त्यांजबरोबर निघाले. शेपर्डबाई वीस वर्षांच्या होत्या. दोन दिवसांनी शिकागो शहरास मोठी आग लागली. आपली पहिली मिळकत, जी पन्नास डॉलरही नव्हती, ती त्यांनी आगीने निराधार झालेल्यांस देऊन टाकिली. पुढे थंडीचे दिवस. उतारशाळांतून त्यांस रंगामुळे हाकलून देत. गोरे लोक तोंडास काजळी फासून काळ्यांची सोंगे करीत, तसाच हा तमाशा असेल, असे समजून पुष्कळ लोक येत.

कोलंबस शहरी व्हाइट साहेबांनी प्रार्थनेत रात्र घालविली आणि सकाळी गायकवर्गास ज्युबिली हे नाव दिले. लेवीयाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जे योबेल वर्ष सांगितले आहे, ज्यात दासांनी मोकळे व्हावयाचे, त्यावरून हे नाव. पुढे नोव्हेंबरात ओबर्लिन येथे काँग्रिगेशनल मंडळ्यांची मोठी सभा भरली होती. तेथे त्यांनी दार लावून शिकलेली ती गीते म्हटली आणि सारी सभा तटस्थ झाली. डिसेंबरात ब्रुकलिन येथे हेन्री वॉर्ड बीचर ह्यांच्या मंडळीत त्यांस आश्रय मिळाला. सन १८७२ त अध्यक्ष ग्रँट ह्यांच्यापुढे, व १८७३ त इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढे गायन झाले. नंतर हॉलंड व जर्मनी हे देशही त्यांनी पाहिले. सात वर्षांत सुमारे दीड लक्ष डॉलर जमले. त्यांतून नवी जमीन घेतली, आणि ज्युबिली हॉल ह्या भव्य इमारतीचे ता. १ जानेवारी १८७६ रोजी समर्पण झाले. ती इमारत आजही उभी आहे.

हे फळ फुकट मिळाले नाही. सततच्या प्रवासाने गायक आजारी पडत, कित्येकांची प्रकृती कायमची ढासळली, आणि कित्येकांचे शिक्षण अपुरे राहिले. शेपर्डबाई स्वतः नाजूक प्रकृतीच्या. तरी पियानो वाजविणे, गायकांस तयार करणे आणि व्हाइट साहेब आजारी असता सर्वांस सांभाळणे, हा भार त्यांनी वाहिला. सन १८७८ मध्ये हा वर्ग मोडला. १८८२ त जॉर्ज मूर ह्या पाळकांशी त्यांचा विवाह झाला. युद्धानंतर आईचा शोध लागला होता. तिला त्यांनी नॅशव्हिल येथे आणून आपल्याजवळ ठेविले. जी आई लेकरास घेऊन बुडावयास निघाली होती, तिने त्या लेकराच्या हातचे अन्न सुखाने खाल्ले. सन १९१४ मध्ये शेपर्डबाई निवर्तल्या. दरवर्षी ६ आक्टोबरास फिस्क येथील गायक ज्युबिली दिवस पाळतात व पूर्वीच्या गायकांच्या थडग्यांशी जाऊन गातात.

वाचकहो, आम्हांस ह्या चरित्रात एक गोष्ट फार मोलाची वाटते. ह्या तरुणांपाशी पैसा नव्हता, मान नव्हता. जे होते ते दाखविण्याची त्यांस लाज वाटे; आणि शाळा तरली ती त्याच गोष्टीने. आपल्या घरातील निरक्षर वृद्ध माणसे दळताकांडताना जे गुणगुणतात त्याकडे आपण किती वेळ लक्ष देतो? ती आहेत तोवर त्यांच्यापाशी बसून ते शिकून घ्यावे, हे बरे.