फ्रिट्यॉफ नान्सेन

फ्रिट्यॉफ नान्सेन (१० ऑक्टोबर, १८६१ - १३ मे, १९३०) हे नॉर्वेचे ध्रुवप्रदेश संशोधक, प्राणिशास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी होते. निर्वासितांसाठी केलेल्या कार्याबद्दल त्यांना १९२२ सालचे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

१८८८ मध्ये पाच सोबत्यांसह त्यांनी ग्रीनलंडचा हिमाच्छादित अंतर्भाग प्रथमच ओलांडला. त्या प्रवासात बरोबर घेतलेल्या सुक्या मांसातील चरबी काढून टाकलेली निघाली आणि स्निग्ध पदार्थांवाचून सर्वांचे अतिशय हाल झाले. पुढील मोहिमेचा शिधा ठरविताना नान्सेन यांनी हा अनुभव विसरला नाही.

गोठलेल्या समुद्राच्या प्रवाहाबरोबर जहाज उत्तर ध्रुवाकडे वाहत न्यावे, अशी त्यांची कल्पना होती. त्यासाठी बांधलेल्या ‘फ्राम’ या जहाजाने २४ जून, १८९३ रोजी ख्रिस्तियानिया (आजचे ओस्लो) सोडले. १३ जणांना पाच वर्षे पुरेल इतका शिधा त्यात होता. खाद्यपदार्थांची रासायनिक तपासणी झाली होती. पाव व सुक्या भाज्या दमटपणा लागू नये म्हणून पेट्यांत झाळून बंद केल्या होत्या. विजेच्या दिव्यांसाठी पवनचक्की होती, वाचनासाठी मोठा ग्रंथसंग्रहही होता. क जीवनसत्त्वाचा शोध तेव्हा लागलेला नव्हता, तरीही या मोहिमेत कोणालाही स्कर्व्ही झाला नाही.

जहाज ध्रुवापर्यंत पोहोचणार नाही हे स्पष्ट झाल्यावर १४ मार्च, १८९५ रोजी नान्सेन व यालमार योहानसेन तीन घसरगाड्या, २८ कुत्री आणि दोन कयाक घेऊन निघाले. माणसांसाठी १०० दिवसांचे अन्न होते, कुत्र्यांसाठी केवळ ३० दिवसांचे; पुढे एकेक कुत्रे मारून उरलेल्यांना खाऊ घालावे लागले. लांडग्याच्या कातड्याचे कपडे फार उबदार होतात म्हणून जहाजावरच ठेवले होते. लोकरी कपड्यांत मुरलेला घाम गोठून त्यांचे चिलखत बनले, तेव्हा या निर्णयाचा दोघांना पश्चात्ताप झाला. ८६° १४′ उत्तर अक्षांशापर्यंत, म्हणजे तोवर कोणीही न गाठलेल्या ठिकाणी पोहोचून ते परतले. वाटेत दोघेही घड्याळांना किल्ली देण्यास विसरले. एवढ्याशा चुकीने रेखांश अनिश्चित झाला आणि आपण नेमके कोठे आहोत हे कळेनासे झाले.

फ्रांझ योझेफ लँडवर दगडांच्या, वालरसच्या कातड्याने शाकारलेल्या झोपडीत त्यांनी हिवाळा काढला. बरोबरचा शिधा जवळजवळ संपला होता, पण बंदुका व काडतुसे शिल्लक होती. अस्वल आणि वालरस यांच्या मांसावर दोघांचेही वजन उलट वाढले. १७ जून, १८९६ रोजी त्यांची इंग्रज संशोधक फ्रेडरिक जॅक्सन यांच्याशी अकस्मात गाठ पडली आणि ऑगस्टमध्ये ते नॉर्वेला पोहोचले. त्याच महिन्यात ‘फ्राम’ही उरलेल्या सर्वांसह सुखरूप परतले. १९१० मध्ये हेच जहाज घेऊन रोआल्ड अमुंडसेन दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेले.