न. चिं. केळकर : वकील, नगराध्यक्ष आणि चरित्रकार

नरसिंह चिंतामण केळकर (१८७२–१९४७) यांची नोंद वाङ्मयेतिहासात ‘साहित्यसम्राट’ म्हणून होते. वकील आणि पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष ही त्यांची रूपे दुय्यम मानली जातात. वस्तुतः या दोन भूमिकांतून घडलेली वृत्तीच त्यांच्या लेखनाच्या मुळाशी दिसते.

मोडनिंब येथे जन्मलेल्या केळकरांनी १८९४ मध्ये एलएल.बी. होऊन साताऱ्यात वकिली आरंभिली. १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या बोलावण्यावरून ते पुण्यास आले आणि ‘मराठा’ व ‘केसरी’ या पत्रांच्या संपादनात गुंतले. वकिली सुटली, परंतु दुसऱ्याची बाजू आतून समजून घेतानाही स्वतःचा विवेक जागा ठेवण्याची सवय सुटली नाही. ‘तोतयाचे बंड’ (१९१३) या नाटकासाठी त्यांनी निवडलेला विषयही, सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेला मनुष्य खरा की खोटा, असा मुळात पुराव्याचाच आहे. १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना याच वृत्तीचे शास्त्रीय रूप होय. रसिक परक्या अनुभवाशी तद्रूप होतो, तरी आपले भान हरपत नाही, असा तिचा आशय आहे.

१९१८ मध्ये आणि पुन्हा १९२२ ते १९२४ या काळात ते नगराध्यक्ष होते. कर, पाणी, रस्ते यांसारख्या प्रश्नांत विरोधकाला बरोबर घेतल्यावाचून निर्णय तडीस जात नाही. टिळकचरित्राचा पहिला खंड याच काळात, १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरा १९२८ मध्ये आला. चरित्रनायकाचा निकटचा सहकारी असूनही केळकरांनी केवळ स्तुती न करता साधनांची विपुल मांडणी केली, हे या ग्रंथाचे सामर्थ्य आहे.

या समतोलाची किंमतही त्यांना मोजावी लागली. असहकाराच्या लाटेनंतर त्यांनी पुरस्कारिलेले प्रतियोगी सहकाराचे धोरण अनेकांना तडजोडीचे वाटले. चरित्रातही पुष्कळ ठिकाणी पुरावा मांडला जातो, निर्णय मात्र लांबणीवर पडतो. तरीही मराठी चरित्रलेखनाला भक्तीच्या कक्षेबाहेर आणण्याचे श्रेय या वकिली शिस्तीला द्यावे लागेल. टिळकांविषयीचे साधन म्हणून आजही वापरला जाणारा हा ग्रंथ वाचताना अभ्यासकाने चरित्रनायकाबरोबर चरित्रकाराचीही तपासणी करणे अगत्याचे आहे.