बाटाच्या कारखान्यातला धावपटू

बाटा ही कंपनी आपल्यातल्या बहुतेकांना लहानपणी देशीच वाटायची. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी बुटांची खरेदी तिथे, आणि कवायतीला लागणारे पांढरे कॅनव्हासचे बूटही तिथलेच. कंपनी मुळात झेकोस्लोव्हाकियातली, झ्लिन नावाच्या गावची. एमिल झाटोपेक या जगातल्या थोर लांब पल्ल्याच्या धावपटूची सुरुवात त्याच गावातल्या बाटाच्या कारखान्यात झाली, तीसुद्धा त्याच्या मनाविरुद्ध.

स्मरणिकेसाठी त्याच्यावर लिहायचे कारण साधे आहे. आपल्या बॅचच्या ग्रुपवर हल्ली पहाटेच धावल्याचे नकाशे आणि किलोमीटरचे आकडे येऊन पडतात. शाळेत पीटीच्या तासाला पोट दुखणारी मंडळीही त्यात आहेत. आणि चार-सहा आठवड्यांनी एक प्रश्न हमखास येतो : सुरुवात झाली, पण हे टिकवायचे कसे? एमिलचे आयुष्य वाचताना मला या प्रश्नाकडे जरा वेगळ्या बाजूने बघता आले, म्हणून हा खटाटोप.

त्याचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ चा, मोराविया प्रांतातल्या कोपर्झिव्नित्से या गावचा. घर कामगाराचे, भावंडे पुष्कळ, पैसा बेताचा. सोळाव्या वर्षी तो झ्लिनला आला. बाटाची स्वतःची शाळा होती. दिवसा कारखान्यात काम आणि संध्याकाळी वर्ग. पुढे लवकरच देश जर्मनांच्या ताब्यात गेला. १९४१ मध्ये कंपनीने गावातून धावण्याची शर्यत ठेवली. क्रीडाशिक्षकांनी चार पोरांकडे बोट दाखवले, त्यात एमिल होता. आपण अशक्त आहोत, आपल्याला जमणार नाही, असे त्याने परोपरीने सांगितले. डॉक्टरांकडे नेऊन तपासले, तर प्रकृती ठणठणीत निघाली! सुटका नव्हती. (आपल्या पीटीच्या सरांपुढेही कोणाची कधी सुटका झाली होती?) शर्यत सुरू झाली आणि शंभरेक मुलांत हा दुसरा आला.

आपण उलटे समजतो. आधी आवड हवी, मग माणूस धावेल, असे आपले गणित. एमिलच्या बाबतीत पाय आधी निघाले आणि आवड मागाहून आली. त्या दुसऱ्या क्रमांकाने त्याच्या मनात कुतूहल जागे केले, की आणखी थोडे जोरात धावलो तर काय होईल? हे कुतूहल पुढे पंधरा-सोळा वर्षे पुरले. १९४४ मध्ये दोन, तीन आणि पाच हजार मीटर या तिन्ही अंतरांचे राष्ट्रीय उच्चांक त्याच्या नावावर होते.

त्याचा सराव बघून जाणकार कपाळाला हात लावत. तेव्हाचे लांब पल्ल्याचे बहुतेक धावपटू लांब आणि सावकाश धावत. एमिलचा हिशेब असा की सावकाश धावता तर येतेच, शिकायचे आहे ते जोरात धावायला. म्हणून तो चारशे मीटर जोरात धावे, मग दोनशे मीटर रमतगमत, पुन्हा चारशे जोरात. असे वीस वेळा, पुढे चाळीस, साठ, आणि एका टप्प्यावर दिवसाला शंभर वेळासुद्धा. ही पद्धत त्याने शोधली नव्हती, पण तिच्या टोकापर्यंत आधी कोणी गेले नव्हते. महायुद्धानंतर तो सैन्यात होता, तेव्हा जड लष्करी बूट घालून बर्फातून धावे. बायकोने कपडे धुवायला सांगितले, तर टबात पाणी आणि साबण घालून कपड्यांवर जागच्या जागी धावत बसे; एका कामात दोन कामे. या गोष्टी सांगताना लोक त्याच्या इच्छाशक्तीचे कौतुक करतात. मला त्यात खेळकरपणा जास्त दिसतो. कंटाळा येऊ नये म्हणून हा माणूस रोज स्वतःशीच नवा डाव मांडत होता.

दिसायला त्याचे धावणे अगदीच बेढब होते. मान एका बाजूला, चेहरा वेदनेने पिळवटलेला, खांदे वर आलेले. आत्ता कोसळेल असे वाटे, आणि नेमका तोच पुढे निघे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरचे सुवर्ण त्याने आरामात घेतले. पाच हजारात बेल्जियमच्या गास्तों रिफने त्याला हरवले, अवघ्या दोन दशांश सेकंदाने. त्याच वर्षी त्याचे डानाशी लग्न झाले. ती भालाफेकपटू, दोघांची जन्मतारीखही एकच, वर्षासकट! १९५१ मध्ये एका तासात वीस किलोमीटरच्या पुढे जाणारा तो पहिला माणूस ठरला.

१९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. त्याच्या संघातल्या स्तानिस्लाव युंगविर्थ या धावपटूचे वडील राजकीय कैदी होते, म्हणून सरकारने त्याला वगळले. युंगविर्थ येणार नसेल तर मीही जाणार नाही, असे एमिलने कळवले. विमान त्याच्याशिवाय गेले. त्या काळी त्या देशात असे वागणे म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. काही दिवसांनी सरकार नमले आणि दोघेही हेलसिंकीला पोचले.

आणि मग आठ दिवसांत तीन सुवर्णपदके. २० जुलैला दहा हजार मीटर. २४ तारखेला पाच हजार. शेवटच्या वळणावर तो चौथा होता आणि वळण संपता संपता पहिला. त्याच दुपारी डानाने भालाफेकीत सुवर्ण जिंकले. राहिली मॅरेथॉन. ती तो आयुष्यात कधीच धावला नव्हता, तरी २७ तारखेला उभा राहिला. वेग किती ठेवायचा हे माहीत नाही, म्हणून त्या वेळचा सर्वांत वेगवान मॅरेथॉनपटू, इंग्लंडचा जिम पीटर्स, याच्या बरोबर राहिला. वाटेत त्यालाच विचारले, हा वेग बरोबर आहे ना? पीटर्सने त्याला चकवायला सांगितले की जरा कमीच पडतोय. एमिलने ते खरे मानले आणि पुढे निघून गेला. पीटर्सला पेटके येऊन शर्यत सोडावी लागली. एमिल २ तास २३ मिनिटे ३ सेकंदांत आला, दुसऱ्याच्या अडीच मिनिटे आधी. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यती जिंकणे त्यानंतर आजवर कोणालाही जमलेले नाही.

वाटेत तो प्रतिस्पर्ध्यांशी गप्पा मारी. भाषा अनेक शिकला होता, त्या तो धावतानाही वापरी. फ्रान्सचा अलँ मिमून लंडन आणि हेलसिंकीत मिळून तीनदा त्याच्या मागे दुसरा आला, तरी दोघांची मैत्री घट्ट. १९५६ ला मेलबर्नमध्ये, हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर थोड्याच आठवड्यांत, एमिल मॅरेथॉन धावला आणि सहावा आला. मिमून आधीच जिंकला होता. तो सोहळा सोडून अंतिम रेषेजवळ मित्राची वाट बघत थांबला. एमिल पोचला, सुवर्ण कोणाला हे कळल्यावर डोक्यावरची टोपी काढून त्याने मिमूनला सलाम केला आणि मिठी मारली. मला विचाराल तर हेलसिंकीच्या तीन पदकांपेक्षा हा सहावा क्रमांक वाचताना जास्त भरून येते.

अठरा जागतिक उच्चांक करून तो थांबला. पुढचे आयुष्य सोपे नव्हते. १९६८ मध्ये देशात मोकळे वारे वाहू लागले तेव्हा तो उघडपणे सुधारणांच्या बाजूने उभा राहिला. ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले, तेव्हा रस्त्यावर उतरून त्यांच्या विरोधात बोलला. त्याची किंमत मोजावी लागली. पक्षातून काढले, सैन्यातून काढले. हा जगप्रसिद्ध माणूस भूगर्भ सर्वेक्षणाच्या तुकडीबरोबर, घरापासून लांब, जमिनीत बोअर घेण्याच्या कामावर लागला. अशी काही वर्षे गेली. सत्तरच्या दशकात त्याने आपले शब्द मागे घेतले, सत्तेपुढे नमते घेतले. त्याच्या काही जुन्या मित्रांना ते लागले. मी त्यांना दोष देत नाही, पण त्यालाही देववत नाही. शर्यतीला शेवटची फेरी असते, घंटा वाजते. त्या वर्षांना शेवट आहे की नाही हे तेव्हा कोणालाच दिसत नव्हते. १९८९ मध्ये राजवट बदलली आणि पुढच्याच वर्षी त्याची रीतसर माफी मागण्यात आली.

नोव्हेंबर २००० मध्ये प्राग इथे तो वारला. डाना त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे जगली.

एक गोष्ट ओघात मागे राहिली. ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कने जागतिक उच्चांकांची रास रचली, पण ऑलिंपिक सुवर्ण त्याला कधी मिळाले नाही. १९६६ मध्ये तो प्रागला एमिलकडे पाहुणा होता. निघताना विमानतळावर एमिलने एक छोटे पुडके त्याच्या हातात दिले. देशाबाहेर गुपचूप न्यायची काही वस्तू असेल, असे समजून क्लार्कने ते आकाशात जाईपर्यंत उघडले नाही. आत हेलसिंकीतले दहा हजार मीटरचे सुवर्णपदक होते.