पाण्यासाठी झटलेले बाबासाहेब



मार्च महिना लागला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे २० तारखेला महाडच्या चवदार तळ्यावर माणसांची रीघ लागते. दुसरी म्हणजे वाडीवरच्या विहिरी तळाला जातात आणि हंडे लांबून आणावे लागतात. म्हणून या अंकात मी तुम्हाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र पाण्याच्या अंगाने सांगणार आहे. शेवटी परसबागेत ठिबक कसे बसवायचे तेही सांगेन. या दोन्हींचा संबंध काय, ते वाचता वाचता कळेलच.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी लष्करात सुभेदार, आई भीमाबाई. मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, म्हणजे आपल्यापासून काही फार लांब नव्हे. साताऱ्याच्या शाळेत भीमराव हुशार, पण त्यांना वर्गात वेगळे बसावे लागे, तेही घरून नेलेल्या गोणपाटावर. तहान लागली तर नळाला हात लावायची सोय नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर दिवसभर घसा कोरडा.

१९०१ सालची गोष्ट ऐका. सातारा जिल्ह्यात दुष्काळी कामावर तलाव खोदणे चालू होते आणि रामजी तिथे रोखपाल होते. त्यांना भेटायला भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एक जण तयार झाला, तोही गाडी पोरांनी हाकावी या अटीवर. रात्र झाली. डबा बरोबर होता, पण प्यायला कुणी पाणी देईना. पोरे उपाशीच झोपली. बघा, बाप लोकांसाठी तलाव खोदण्याच्या कामावर आणि लेकराला वाटेत घोटभर पाणी नाही!

पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली भीमराव अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. नंतर लंडनला शिकले, बॅरिस्टर झाले. १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. गुंठा-दोन गुंठ्यांत राबणाऱ्या माणसाची दुखणी त्यांनी अभ्यासली होती, बरं का.

आता आपल्या महाडकडे येऊ. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा सर्वांना खुल्या, असा तो ठराव. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. पण कागदावर खुले, काठावर बंदच! कुणाची पाण्याला हात लावायची हिंमत होईना.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. मंडपात पिण्यापुरते पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. गावात तळे भरलेले, आणि पाणी विकत! २० तारखेला बाबासाहेब पुढे आणि मागे लोकांची रांग, अशी मिरवणूक बाजारातून शांतपणे तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, मग बाकीच्यांनी घेतले. एवढ्यावरून गावात हूल उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही. पुढे तळ्याचे शुद्धीकरण झाले आणि नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर कोर्टाने मनाई केली. तेव्हा बाबासाहेबांनी कायद्याची वाट धरली. खटला चालता चालता दहा वर्षे गेली. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला आणि तळे सर्वांचे ठरले.

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज ही कामेही त्यांच्याकडे होती. दामोदर नदीच्या पुराने बंगालचे हाल होत, ओरिसात महानदी गावे बुडवी. पुराच्या पाण्याला नुसते संकट समजू नये, धरणात अडवून त्यावर शेती भिजवावी, वीज करावी, हा त्यांचा विचार. दामोदर खोरे योजनेचा पाया त्यांच्या काळात घातला गेला. पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. विहिरी, तळी, घाट वापरायला जातीवरून कुणाला मज्जाव करता येणार नाही, हे घटनेच्या १५व्या कलमातच लिहिलेले आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते दिल्लीत वारले. पण साताऱ्याच्या नळाशी ताटकळणाऱ्या मुलाचा प्रश्न देशाच्या कायद्यात सुटला होता.

आता परसबाग. आपल्या महाड-पोलादपुरात पाऊस धो धो पडतो आणि उताराने सावित्रीत निघून जातो. उन्हाळ्यात एकेक हंडा मोलाचा. बादलीने ओतलेले निम्मे पाणी झाडाला मिळतच नाही, बाजूची माती भिजवते. म्हणून ठिबक.

दोनशे लिटरचा जुना पिंप धुऊन घ्या. दगड-विटांच्या पक्क्या ओट्यावर कमरेइतका उंच ठेवा. तळापासून चार बोटे वर तोटी बसवा, म्हणजे गाळ खालीच राहील. तोटीला जाळीचा फिल्टर जोडा. हा विसरलात तर आठ दिवसांत ड्रिपर तुंबलेच समजा. फिल्टरपुढे १६ मिलिमीटरची काळी नळी वाफ्यांतून फिरवा. नळी उताराच्या आडवी टाका, चढ-उतार नको. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी भोक पाडून ड्रिपर बसवा. नळीचे टोक दुमडून बांधा. आठवड्यातून एकदा ते सोडून नळीतली घाण वाहू द्या. बुंध्याशी पालापाचोळा पसरा.

ताशी चार लिटरचा ड्रिपर म्हणून दुकानदार देतो, पण तो हिशोब मोठ्या दाबाचा. पिंप मीटरभर उंचीवर असला तर साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे तासाला सव्वा लिटर पडते. वांग्याच्या मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला दोनेक लिटर धरा, म्हणजे दीड-दोन तास तोटी सोडावी लागेल. चाळीस झाडांना ऐंशी लिटर लागतील, म्हणजे चार-पाच हंडे.

खरी परीक्षा पुढेच आहे. पिंपाजवळच्या झाडाखाली आणि शेवटच्या झाडाखाली एकेक पेला ठेवा. पंधरा मिनिटांनी दोन्ही पेल्यांतले पाणी मोजा. बहुतेक वेळा जवळचा पेला जास्त भरतो. मग शेवटच्या झाडाला दोष देऊ नका, ते काही आळशी नाही. पाणी वाटण्याची रचना चुकली आहे. एका लांब नळीऐवजी दोन आखूड नळ्या टाका, पिंप आणखी थोडा उंच करा, तुंबलेले ड्रिपर धुवा आणि पुन्हा मोजा.

बाबासाहेबांनी जन्मभर हेच पाहिले, की पाणी असूनही शेवटच्या माणसापर्यंत का पोचत नाही. त्यांनी माणसाला दोष दिला नाही, वाटणी बदलली.

सातवीच्या मुलांनी दर शनिवारी दोन्ही पेल्यांची मापे या फलकाखाली खडूने लिहावीत. ज्यांच्या घरी परसू आहे त्यांनी घरीही करून पाहावे.

— तुमचे गुरुजी