गिटारला आवाज देणारा हिशेबनीस

नृत्यगृहात ड्रम आणि पितळी वाद्यांचा गजर सुरू झाला, की गिटारचा नाजूक स्वर त्यात हरवून जाई. १९३०च्या दशकात अमेरिकेतील गिटारवादकांची ही नेहमीची व्यथा होती. ती दूर करण्यात मोठा वाटा असलेल्या लिओ फेंडर यांना स्वतःला मात्र गिटार वाजवता येत नव्हती.

कॅलिफोर्नियातील एका संत्री बागायतदार कुटुंबात १० ऑगस्ट १९०९ रोजी क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म झाला. बालपणीच गाठ झाल्याने त्यांचा डावा डोळा काढून तेथे काचेचा बसवावा लागला. पियानो आणि सॅक्सोफोनचे धडे घेतले, तरी मन रमले ते रेडिओच्या तारांत आणि व्हॉल्व्हमध्ये. शिक्षण हिशेबाचे, नोकरीही हिशेबनिसाचीच. मंदीच्या काळात ती गेली. तेव्हा १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले.

वादक मंडळी बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन तेथे येत. त्यांच्या तक्रारी ऐकता ऐकता फेंडर स्वतःच अ‍ॅम्प्लिफायर बनवू लागले. १९४६ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. १९५१ मध्ये टेलिकास्टर, तर १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर गिटार बाजारात आली. त्यांच्या सुरुवातीच्या अनेक अ‍ॅम्प्लिफायरना वाद्य आणि माइक यांसाठी वेगवेगळी जोडणी असे. त्यामुळे छोट्या बँडचे एकाच पेटीवर भागे.

कीबोर्डचा प्रश्न अधिक अवघड होता. गिटारचा आवाज किंचित फाटला तरी खुलतो. परंतु खर्जापासून तारसप्तकापर्यंतच्या अनेक पट्ट्या एकदम दाबल्या आणि आवाज फाटला, तर स्वरसंगतीचा नुसता गोंगाट होतो. १९५९ मध्ये फेंडर यांनी हॅरॉल्ड ऱ्होड्स यांच्याशी इलेक्ट्रिक पियानोसाठी भागीदारी केली. प्रत्यक्षात आला तो केवळ खर्जातील ‘पियानो बेस’. १९६३ मध्ये आलेल्या सुमारे ८५ वॉटच्या ट्विन रिव्हर्बमध्ये मात्र मोठ्या आवाजातही स्वर स्वच्छ राही. गिटारवादकांसाठी केलेला हा अ‍ॅम्प्लिफायर पुढे इलेक्ट्रिक पियानो वाजवणाऱ्यांनीही आपलासा केला.

याच सुमारास दीर्घ आजाराने फेंडर खचले होते. आपले फार दिवस उरले नाहीत, अशा समजुतीने त्यांनी जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्याच वर्षी नव्या मालकांच्या अमदानीत ७३ पट्ट्यांचा फेंडर ऱ्होड्स पियानो अवतरला आणि जगभर गाजला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांच्या उपचारांनी फेंडर ठणठणीत बरे झाले. पण कंपनीबरोबर स्वतःचे नावही विकले गेले होते. नंतर त्यांनी ‘म्युझिक मॅन’ आणि ‘जी अँड एल’ या कंपन्यांसाठी वाद्ये घडवली.

पार्किन्सनने ग्रासले असतानाही ते कार्यशाळेत जात राहिले. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला.