बाळाचं पहिलं मिनिट

मैत्रिणींनो, यवतमाळ असो की पुसद, बाळंतपणानंतर मिळालेलं कार्ड नीट बघा. त्यावर बऱ्याचदा ‘अपगार’ असा शब्द आणि पुढे आकडे असतात. हे एका डॉक्टरबाईंचं आडनाव!

व्हर्जिनिया अपगार १९०९ साली अमेरिकेत जन्मल्या. १९३३ मध्ये डॉक्टर झाल्या. व्हायचं होतं सर्जन; पण बाई सर्जनचा जम बसणं कठीण, म्हणून गुरूंनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवलं. बाई खचल्या नाहीत. प्रसूतिगृहात त्यांना दिसलं, की सगळ्यांचं लक्ष आईकडे. श्वासासाठी धडपडणारं निळं बाळ मात्र तसंच पडून.

१९५२ साली त्यांनी पाच खुणा ठरवल्या : हृदयाचे ठोके, श्वास, रंग, हातापायांतला जोर आणि डिवचल्यावरचा प्रतिसाद. प्रत्येकीला जास्तीत जास्त २ गुण. जन्मल्याबरोबर बाळाकडे बघायची सवय अशी लागली. १९७४ मध्ये बाई गेल्या.

आज बाळ श्वास घेत नसेल तर गुणांचीही वाट न बघता उपचार सुरू होतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुफ्फुसं कच्ची असतात. म्हणून वेळेआधी कळा आल्या तर घरी थांबू नका, नवजात बाळांची सोय असलेला दवाखाना गाठा.